‘विजयी किंवा मृत’ : वासालो इ सिल्वांनी १९ डिसेंबर १९६१ ला सही केली, ते चुकलं का?

सांबरेकर (धागाकर्ता)
१९ डिसेंबर, सकाळी ८.४०

आज गोवा मुक्तिदिन. आमच्या घरी या दिवशी दर वर्षी एकच वाद निघतो. आमचं घर बेळगावजवळच्या सांबऱ्यात, विमानतळाच्या कुंपणापासून फार लांब नाही. आज्जी म्हणते, "आपल्या डोक्यावरनं विमानं गेली आणि गोवा सुटला." मोठे काका म्हणतात, ती विमानं ६५ च्या लढाईतली, आज्जीची सालांची गल्लत होते. आज्जी आता नव्वदीत आहे, तिच्याशी कोण भांडणार? पण या वादामुळे मी गेले काही महिने १९६१ बद्दल मिळेल ते वाचत सुटलो, आणि एका माणसापाशी येऊन अडकलो. त्याच्याबद्दल हा धागा.

मानुएल आंतोनियो वासालो इ सिल्वा. गोव्याचे शेवटचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल, आणि तिथल्या फौजेचे सरसेनापतीही तेच. १४ डिसेंबर १९६१ ला लिस्बनहून त्यांना पंतप्रधान सालाझार यांचा संदेश आला. मथितार्थ असा : तह होईल असं मला दिसत नाही, पोर्तुगीज कैदी असणार नाहीत, शरण आलेली जहाजं असणार नाहीत, सैनिक आणि खलाशी असतील ते विजयी किंवा मृत. किमान आठ दिवस झुंज चालवा, तेवढ्यात जगाचा दबाव आणता येईल, असा सालाझार यांचा हिशेब होता.

गव्हर्नरांच्या हाताशी होते सुमारे साडेतीन हजार सैनिक. रणगाडा नाही, लढाऊ विमान एकही नाही, लढाऊ जहाज एकच, ‘आफोंसो द आल्बुकर्क’, तेही १९३० च्या दशकातलं. समोर जनरल कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन, ५० वी पॅराशूट ब्रिगेड, नौदल आणि पुण्याहून व आमच्या सांबऱ्याहून उडणारं वायुदल.

१८ तारखेच्या पहाटे सैन्य आत शिरलं. १९ च्या रात्री साडेआठला वास्कोत गव्हर्नरांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. आठ दिवस सोडाच, दोनसुद्धा पुरे झाले नाहीत. आपले २२ जवान गेले, त्यांचे तीसच्या आसपास. सैनिक आणि नागरिक मिळून साडेचार हजारांहून जास्त लोक युद्धकैदी झाले आणि मे १९६२ पर्यंत छावण्यांत राहिले. मायदेशी परतल्यावर त्यांचं स्वागत बंदुका रोखून झालं. १९६३ मध्ये वासालो इ सिल्वांना लष्करातून काढून टाकलं. १९७४ मध्ये पोर्तुगालची हुकूमशाही कोसळली तेव्हा त्यांचा हुद्दा आणि मान परत मिळाला.

माणूस तोच, सही तीच. १९६३ मध्ये भ्याड आणि १९७४ मध्ये विवेकी. मला विचारायचंय ते हे, की त्या रात्री त्यांना जे ठाऊक होतं तेवढ्यावरच निवाडा करायचा म्हटलं तर तुम्ही काय द्याल?

टिळकवाडी
सकाळी ९.१५

यात विचार करण्यासारखं काय आहे? बरोबरच केलं. पणजी, मडगाव, जुन्या गोव्याची चर्चेस, सगळं शाबूत राहिलं. हजारो जीव वाचले. आज आपण शनिवार-रविवार चोर्ला घाटानं उतरून जो गोवा बघतो तो त्या सहीमुळे आहे.

उचगाव
सकाळी ९.५०

मला हे पटत न्हाई. काय म्हणून त्या गव्हर्नराची बाजू घ्यायलाय तुम्ही? १५ ऑगस्ट १९५५ ला हातात फक्त झेंडा घेतलेल्या सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या त्यांनी. वीसहून जास्त माणसं गेली. बेळगाव त्या सत्याग्रहाचं मोठं ठाणं होतं. आमच्या आज्ज्यानं त्या लोकांना भाकऱ्या बांधून दिल्यात. गोव्यावर साडेचारशे वर्षं बसून शेवटच्या दिवशी सही केली, त्यात कसलं मोठेपण?

सांबरेकर
सकाळी १०.२०

उचगावकर दादा, तुमच्या आज्ज्यांना नमस्कार सांगा. मी पोर्तुगीज राजवटीची बाजू घेत नाही. १९५५ चा गोळीबार आधीच्या गव्हर्नरांच्या काळातला. वासालो इ सिल्वा आले १९५८ मध्ये. तरी त्यांच्याही काळात आग्वादच्या तुरुंगात स्वातंत्र्यसैनिक होतेच, ती जबाबदारी त्यांची आहेच. राजवट अन्यायी होती हे ठरलेलं आहे. मी विचारतोय ते एका रात्रीतल्या एका निर्णयाबद्दल. वाईट राजवटीचा सेनापती एखादा निर्णय नीट घेऊ शकतो का?

कॅम्पातला सुभेदार
सकाळी ११.३५

मी मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली, आता कॅम्पाजवळच राहतो. माझं मत जरा कडक आहे, राग मानू नका.

टिळकवाडीकर म्हणतात शहरं वाचली म्हणून निर्णय बरोबर. हे परिणामावरून उलटं मोजणं झालं. वाचली हे आज कळलं. उद्या समजा शरणागतीनंतर कैद्यांची कत्तल झाली असती, तर हाच निर्णय मूर्खपणाचा ठरला असता का? सही तर तीच राहिली असती. परिणाम चांगला म्हणून निर्णय चांगला, हा नियम सैन्यात चालत नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत पहिला प्रश्न असतो, त्या वेळी तुझ्याकडे काय खबर होती?

दुसरं. ‘शेवटचा माणूस, शेवटची गोळी’ हा आदेश आम्हाला परका नाही. लडाखमधलं रेझांग ला आठवा. १८ नोव्हेंबर १९६२, १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंग, १२० च्या आसपास जवान. बहुतेक सगळे जागेवर पडले. तीन दिवसांनी चीननं एकतर्फी युद्ध थांबवलं. आज मागं वळून कोणी म्हणेल का, तीन दिवसच तर होते, उगाच मेले? तसं बोलणाऱ्याला मी घरात घेणार नाही. त्यांना २१ तारीख ठाऊक नव्हती. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की मागं चुशूल आहे, चुशूलची धावपट्टी आहे.

मग मी तुम्हाला विचारतो. रेझांग लाच्या मेजर शैतान सिंगांना परमवीरचक्र, आणि गोव्यातल्या गव्हर्नरला आदेश मोडल्याबद्दल शाबासकी, ही दोन मापं एकाच तराजूत बसतात का? की एक आपला आणि एक शत्रूचा, म्हणून आपल्याला दोन्ही गोड वाटतं?

खानापूर
दुपारी १२.०५

सुभेदारसाहेब, हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता. वाचतोय.

निपाणीकर
दुपारी १.३०

मी हायस्कूलला इतिहास शिकवते. साहेबांच्या प्रश्नाला लगेच उत्तर नाही माझ्याकडे, पण एक पुरावा ठेवते. तो कोणत्या बाजूला जातो हे तुम्ही ठरवा.

९ डिसेंबरला तिमोरहून लिस्बनला निघालेलं ‘इंडिया’ नावाचं प्रवासी जहाज मुरगावला लागलं. लिस्बनचा हुकूम होता की कोणालाही चढू द्यायचं नाही. गव्हर्नरांनी तो मोडला आणि सुमारे ७०० युरोपीय नागरिकांना जहाजावर जाऊ दिलं. जागा होती ३८० जणांची. माणसं स्वच्छतागृहांतसुद्धा बसून गेली.

आता तारखा बघा. हे सालाझार यांच्या ‘विजयी किंवा मृत’ संदेशाच्या आधीचं आहे. याचे दोन अर्थ निघतात, आणि दोन्ही पक्के वाटतात. पहिला : बायका-मुलं बाहेर काढली म्हणजे सेनापती लढायला मोकळा झाला, कोणताही शहाणा किल्लेदार वेढ्याआधी हेच करतो. दुसरा : माणसानं मनात आधीच हार मानली होती आणि लिस्बनचं ऐकायचं नाही हे ९ तारखेलाच ठरवलं होतं.

१९६३ मध्ये दोषारोप करणाऱ्यांनी दुसरा अर्थ घेतला असता, १९७४ नंतरच्यांनी पहिला. जहाज एकच, प्रवासी तेच. पुरावा स्वतःहून बोलत नाही, आपण आधी जे ठरवलेलं असतं ते त्याच्या तोंडी घालतो. वर्गात हे मी मुलांना सांगते तेव्हा ती म्हणतात, "मग बाई, खरं काय?" तेव्हा मी त्यांना पुढच्या पुराव्याकडे नेते. इथे पुढचा पुरावा हा : जहाज गेल्यावर त्यांनी बचावाची तयारी थांबवली का? नाही. १८ तारखेला पूल उडवले गेले, ठरल्याप्रमाणे तुकड्या मुरगावच्या दिशेनं मागं आल्या. हार मानलेला माणूस पूल उडवायला लावत नाही. म्हणून माझा कल पहिल्या अर्थाकडे आहे. पण कलच म्हणते, सिद्ध झालं म्हणत नाही.

कॅम्पातला सुभेदार
दुपारी २.१०

बाई, पुलांचा मुद्दा बरोबर. बाणस्तारीचा पूल पाडला होता, अस्नोड्याचाही. पण नुसत्या पाडलेल्या पुलानं सैन्य थांबत नाही. पुलावर नजर ठेवून पलीकडून गोळी चालवणारं कोणी असलं तरच थांबतं. मुख्य मार पूर्वेकडून, अनमोड-मोले मार्गानं येणार होता, उत्तरेची ५० पॅरा ब्रिगेड दुय्यम कामाला. पण ब्रिगेडियर सगत सिंग यांची माणसं एवढ्या वेगानं उतरली की १८ च्या संध्याकाळी मांडवीच्या काठी बेतीला पोचली आणि १९ च्या सकाळी पणजीत. याच ब्रिगेडमधली २ पॅरा मराठा, म्हणजे मूळची आमची तिसरी मराठा, फोंड्याच्या बाजूनं उतरली. आठ दिवसांचा हिशेब ज्या वेगावर बसवला होता तो वेग पहिल्याच दिवशी खोटा ठरला होता. हे मी गव्हर्नरांच्या बाजूनं मांडतोय, लक्षात घ्या. मी अजून उत्तर शोधतोय.

कारवारची लेक
दुपारी ३.००

धागा गोव्याचा असला तरी सुरुवात आमच्याकडची आहे. अंजदीव बेट गोव्याचं नाही वाटत नकाशात, आमच्या कारवारसमोर आहे. आता नौदलाच्या बांधानं किनाऱ्याला जोडलंय, तिथे कोणाला जाता येत नाही. पण माझ्या लहानपणी बिणग्याच्या बाजूनं दिसायचं.

नोव्हेंबर १९६१ मध्ये बेटाजवळून जाणाऱ्या ‘साबरमती’ बोटीवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला. त्यात माणूस गेला. देशभर संताप झाला आणि कारवाईची मागणी वाढली. आपल्या बाजूनं ही सरळ आगळीक आहे. पोर्तुगीज बाजूनं असं म्हटलं गेलं, की बोटीतून बेटावर माणसं उतरवली जाणार अशी पहारेकऱ्यांना भीती वाटली.

मला त्या पहारेकऱ्याच्या जागी उभं राहून बघायचंय. बेटावर मूठभर माणसं. समोर भारताचा किनारा, मागं उघडा समुद्र. एक बोट रोजच्यापेक्षा जवळून येते. तिच्यात प्रवासी आहेत की सैनिक, हे लांबून कळणार कसं? त्यानं गोळी झाडली ती चूकच, कारण बोटीत साधी माणसं होती. पण ती दुष्टपणाची चूक की भीतीची, हे गोळीवरून कळत नाही.

आता याच बेटावरची दुसरी घटना. १८ डिसेंबरला ‘त्रिशूल’वरचे आपले नौसैनिक बेटावर उतरले. आपल्याकडची हकीगत अशी, की आधी पांढरं निशाण दिसलं, म्हणून ते पुढं गेले आणि मग गोळीबार झाला. सात नौसैनिक गेले. पोर्तुगीज बाजू ते निशाण मान्य करत नाही. माझा प्रश्न पुन्हा तोच. एका खंदकातल्या घाबरलेल्या माणसानं कपडा हलवला आणि शेजारच्या खंदकातल्याला ते ठाऊकच नव्हतं, असं झालं असेल का? तसं असेल तर दोन्ही साक्षी खऱ्या असू शकतात. निशाण दिसलंही, आणि तसा हुकूम कोणी दिलाही नाही.

माझ्या मनात त्या सात जणांबद्दल तसूभरही कमी आदर नाही. उलट, आपण त्यांच्या मरणाची गोष्ट नीट तपासून सांगितली तर तो आदर खोल होतो असं मला वाटतं.

उचगाव
दुपारी ३.४०

ताई, तुमचं वाचून गप बसलो. दोन्ही साक्षी खऱ्या असू शकतात, हे आमच्या सीमेच्या गावातल्या माणसाला सांगायला नको. पण अन्यायी राजवटीची भीती आणि आमची भीती सारखी मोजायची हे अजून गळ्याखाली उतरत न्हाई.

लोंढा जंक्शन
संध्याकाळी ५.२०

आमचे आज्जा रेल्वेत. १९५५ मध्ये गोव्याची गाडी बंद पडली, कॅसलरॉकच्या पुढं रूळ गंजत पडले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्याच कॅसलरॉकच्या जंगलातून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी गुप्त रेडिओ चालवला, आधी आंबोलीच्या जंगलातून आणि मग इथून, १९५५ ते १९६१. शरणागतीनंतर विमानातून ध्वनिक्षेपकावर गोवा मुक्त झाल्याचं सांगत फिरल्या त्याच लिबियाबाई. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना.

मी एक प्रसिद्ध गोष्ट इथे ठेवतो, कारण ती पुराव्याच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. चोरिसांची गोष्ट. गोव्यातल्या फौजेनं रणगाडाविरोधी दारूगोळा मागवला, बिनतारी संदेशात त्याचं सांकेतिक नाव होतं शोरिसू, म्हणजे आपण पावात घालून खातो तो चोरीस. आणि लिस्बनहून विमानानं खरोखरचे चोरीस आले. ही गोष्ट इतक्या ठिकाणी सांगितली जाते की सगळे खरी धरून चालतात.

मला ती खोटी म्हणायची नाही. पण तिचा उपयोग कोणाला होता ते बघा. कैदेतून परतलेल्या सैनिकांना देशात भ्याड म्हणत होते. त्यांच्या दृष्टीनं ही गोष्ट म्हणजे ढाल : आम्ही मागितलं आणि तुम्ही खायला पाठवलंत. ढालीचा उपयोग होतो म्हणून ढाल खोटी ठरत नाही, पण तपासायला हवी. आणि समजा दारूगोळा खराच आला असता, तरी किती दिवस जास्त निघाले असते? वर सुभेदारसाहेबांनी सांगितलेला वेग बघता, फार नाही. म्हणजे गोष्ट खरी असो वा नसो, निवाड्याला तिच्यावर टेकता येत नाही. लोकांना ती आवडते म्हणून ती प्रत्येक लेखात पहिल्या परिच्छेदात येते, आणि ज्यावर निवाडा टेकायला हवा ते मागं पडतं.

निपाणीकर
संध्याकाळी ६.००

लोंढेकर दादा, अगदी मनातलं. आणि सुभेदारसाहेबांच्या रेझांग लाचीच दुसरी बाजू इथे लागू पडते. तिथून जिवंत परतलेल्या मोजक्या जवानांवर सुरुवातीला विश्वास ठेवला गेला नव्हता. एवढे सगळे लढून मेले, हे खरं वाटेना. फेब्रुवारी १९६३ मध्ये त्या डोंगरावर बर्फात गोठलेले देह सापडले, हातात शस्त्रं तशीच. मग साक्ष खरी ठरली. तिथे जमिनीनं साक्ष दिली. चोरिसांच्या गोष्टीला तशी जमीन नाही.

कॅम्पातला सुभेदार
संध्याकाळी ६.२५

हो बाई. त्या जवानांना जिवंत परतल्याबद्दल काय सोसावं लागलं असेल ते आम्ही समजू शकतो.

सांबरेकर
रात्री ८.५०

दिवसभर वाचत होतो. कामावरून आल्यावर सगळं वेळापत्रक एका कागदावर मांडलं आणि मला जे दिसलं त्यानं मी हललो. साहेबांच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे.

१८ च्या सकाळी पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. इमारत मुद्दाम वाचवली. (त्या फुटक्या धावपट्टीवरूनही त्या रात्री दोन प्रवासी विमानं कराचीला निसटली, ही वैमानिकांची कमालच.) त्याच सकाळी सहा हंटर विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर मारा केला. ती हंटर उडाली होती सांबऱ्याहून. आमच्या सांबऱ्याहून.

ते केंद्र गेल्यावर लिस्बनशी बोलायला उरलं काय? ‘आफोंसो द आल्बुकर्क’वरचा बिनतारी संच. आणि दुपारी त्या जहाजाला आपल्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’नं गाठलं. कप्तान आरागाँव जबर जखमी झाले, जहाज किनाऱ्यावर वाळूत चढवलं गेलं, खलाशी उतरले.

म्हणजे १८ च्या दुपारपासून १९ च्या रात्री साडेआठपर्यंत वासालो इ सिल्वा एकटे होते. हातातला शेवटचा आदेश १४ तारखेचा. त्यात गृहीत धरलेलं जग १४ तारखेचं. ‘साहेब, पणजी गेली, आता काय करू?’ असं विचारायला समोर कोणी नाही.

आणि तो आठ दिवसांचा हिशेब कशावर उभा होता? जगाच्या दबावावर. १८ डिसेंबरला न्यूयॉर्कला सुरक्षा परिषद बसली, युद्धबंदीचा ठराव आला आणि सोव्हिएत संघानं व्हेटो वापरून तो पाडला. तिथल्या रात्रीची वेळ म्हणजे आपली १९ ची सकाळ. आज आपण म्हणतो, बघा, आठ दिवस लढूनही काही मिळालं नसतं. पण हा युक्तिवाद गव्हर्नरांच्या बाजूनं वापरायला मी तयार नाही. तो आपल्या हातातला पुरावा आहे, त्यांच्या हातातला नव्हे. त्यांचा रेडिओ तर आपण आदल्या दिवशीच बंद केला होता.

तर त्यांच्या हातात काय होतं? दोन दिवसांत हातातून गेलेली जमीन. एकही विमान नाही, जहाज गेलेलं. मुरगावच्या टोकावर गोळा झालेले सैनिक, मागं समुद्र, समुद्रात आपलं नौदल. आजूबाजूला वास्कोची वस्ती, जी बहुतांशी गोंयकारांची.

साहेब, तुम्ही विचारलंत दोन मापं का. मला वाटतं माप एकच आहे. रेझांग लाच्या जवानांच्या मागं चुशूल होतं. त्यांच्या एकेक तासाला भाव होता, आणि तो भाव त्यांना तिथे उभं राहून दिसत होता. मुरगावच्या टोकावर मागं काय होतं? वाचवायला काही उरलं नव्हतं. उरलं होतं ते फक्त आदेशातलं वाक्य. वाक्यासाठी मरणं आणि मागच्या माणसांसाठी मरणं यात फरक आहे, आणि तो फरक त्या रात्री त्यांच्या डोळ्यांना दिसत होता. यासाठी १९७४ ची वाट बघायची गरज नव्हती.

कॅम्पातला सुभेदार
रात्री ९.४०

रेडिओ गेल्यावरच्या त्या तीस तासांचं मी असं कधी मांडलं नव्हतं.

सैन्यात एक गोष्ट शिकवतात. वरचा आदेश आणि जमीन यांत तफावत पडली आणि वरच्याशी संपर्क नसेल, तर आदेशामागचा हेतू धर. सालाझार यांचा हेतू होता वेळ मिळवणं. वेळ मिळण्याची वाट संपली होती. तेवढं मी मान्य करतो.

पण एक काटा मी काढणार नाही. तुमचं माप बरोबर असेल, तर ते प्रत्येक सेनापतीला वापरता येईल, आणि त्यातले काही भित्रे असतील. माझ्यामागं वाचवायला काही उरलं नाही असं प्रत्येक जण म्हणू शकतो. म्हणून मी ते माप गव्हर्नरांना लावायला तयार आहे, पण त्यांच्या सांगण्यावरून नव्हे. पाडलेले पूल, जहाजाची लढाई, जखमी कप्तान, १९ च्या सकाळी पणजी हातातून गेलेली. हे सगळं दुसऱ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून लावतो. नुसतं त्यांच्या बोलण्यावर असतं तर मी १९६३ वाल्यांच्या बाजूला बसलो असतो.

उचगाव
रात्री १०.०५

साहेब बोलले ते मला पटलं. मी गव्हर्नराला हार घालणार न्हाई. पण सही केली ती योग्य केली, एवढं म्हणतो. आज्ज्याला उद्या सांगतो. तो चिडेल.

कारवारची लेक
रात्री १०.२०

पुढं वासालो इ सिल्वा गोव्याला भेट द्यायला आले होते आणि लोकांनी त्यांचं प्रेमानं स्वागत केलं, असं वाचलंय. ज्यांच्यावर राज्य केलं त्यांनी केलेलं स्वागत हा पुरावा आहे का, हे मला ठरवता येत नाही. गोव्याची माणसं पाहुण्याला तशीही तोंडावर वाईट बोलत नाहीत.

आणि सांबरेकर, तुमच्या आज्जीच्या विमानांचं काय झालं? तो वाद तसाच राहिला.

सांबरेकर
रात्री ११.१०

ताई, मघाशी जेवताना तोच विषय काढला. काका पुन्हा म्हणाले ६५. मी आज्जीला विचारलं, "कसं काय आठवतंय तुला?" ती म्हणाली, "दत्तजयंतीला तीन-चार दिवस होते रे. मी सकाळी दारात भांडी घासत होते, दत्ताच्या देवळात सप्ताह बसला होता, तिथलं भजन त्या आवाजात ऐकू येईना."

मी उठून जुनं पंचांग काढलं. ६५ ची लढाई सप्टेंबरमधली, तेव्हा दत्तजयंतीचा प्रश्नच नाही. काका मग म्हणाले, तर ७१ असेल. ७१ ची लढाई ३ डिसेंबरला पेटली, आणि त्या वर्षी दत्तजयंती त्याच्या आधीच होऊन गेली होती. १९६१ मध्ये मार्गशीर्ष पौर्णिमा २२ डिसेंबरच्या पहाटे संपते. तिथून तीन-चार दिवस मागं या, १८ तारीख येते.

काका गप्प झाले. मला तर घास गिळवेना.

निपाणीकर
रात्री ११.२५

वा! ज्या सणाशी आठवण बांधलेली असते तो सण माणूस सहसा चुकत नाही. किती विमानं होती, विचारलंत का?

सांबरेकर
रात्री ११.४०

विचारलं. मी घाईत "सहा होती ना गं?" असं म्हणून बसलो, आणि ती "हो हो, सहाच" म्हणाली. त्याआधी दर वर्षी ती तीन म्हणायची. माझीच चूक झाली. रविवारी तिला पुन्हा विचारतो, पण या वेळी आकडा मी बोलणार नाही, आणि काकांना बाहेरच्या खोलीत बसवतो.